नाट्यगृह जळाल्यावरच बातमी?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि जिल्ह्यातील वृत्तपत्रांना कलाप्रेमाचे भरते आले. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, ही वास्तू उभी राहिली. तिच्या रंगमंचावर कोण गाजले. सारे छापून आले. ते छापायलाच हवे होते. प्रश्न एवढाच की, ७ ऑगस्टपर्यंत या वास्तूत जे घडत होते, त्यासाठी किती रकाने खर्ची पडले होते?

कलावंताला वृत्तपत्रात जागा हवी असेल तर त्याला मरावे लागते, निदान ‘पद्म’ पुरस्कार तरी मिळवावा लागतो. मैफिलीचे वृत्त येते ते दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झाले, प्रायोजक कोण होते, पहिल्या रांगेत कोणते आमदार बसले होते, याचे. गायकाने राग कोणता गायला हे शेवटच्या ओळीत. तेही छापले तर. एके काळी केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांच्या गाण्याची निर्भीड चिकित्सा करीत आणि वाचक त्यावर वाद घालीत. आज वाद घालण्याजोगे काही छापलेच जात नाही.

या अनास्थेची किंमत शहरातील रसिकाला फारशी मोजावी लागत नाही. आजऱ्याच्या माणसाला लागते. शिवाजी सावंतांचे हे जन्मगाव; पण येथून कोल्हापूर ऐंशीहून अधिक किलोमीटर. रात्रीची मैफल ऐकून परतायला एस.टी. नाही आणि तिकिटाचा दर शेतमजुराच्या रोजाला परवडणारा नाही. त्याचे संगीतगृह म्हणजे रेडिओ. १९५२ साली आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दरबारात, हवेलीत कोंडलेले गाणे घनसाळीच्या खाचरापर्यंत पोहोचले. तेव्हा दैनिके आकाशवाणीच्या कार्यक्रमांची छोटी चौकट छापीत. कोण, किती वाजता गाणार, हे तीवरून कळे. ती चौकट गेली. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने अभिजात संगीताची ‘रागम’ ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केली. किती मराठी वाचकांना तिचे नाव ठाऊक आहे? डिसेंबर २०१८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आणि पाच प्रशिक्षण संस्था बंद करण्याचा आदेश निघाला. त्यावर किती अग्रलेख लिहिले गेले?

कारण शोधायला दूर जायला नको. चित्रपट जाहिरात देतो, आकाशवाणीवरचा खयाल देत नाही. शिवाय ‘मिर्ची’ टाइम्स समूहाची, ‘माय एफएम’ भास्कर समूहाची. आपल्याच दुकानासमोरच्या सार्वजनिक पाणपोईची वाखाणणी कोणता दुकानदार करील?

शास्त्रीय संगीत ही सरंजामी चैन, तिच्यासाठी चळवळीने का झुरावे, असे काही कार्यकर्ते म्हणतील. अल्लादियाखाँसाहेब शाहूंच्या दरबारी गायक होते, हे खरेच. परंतु १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि आश्रयदाता बदलला. पोस्टात जाऊन रेडिओ परवान्याची फी भरणारा श्रोता हा नवा आश्रयदाता होता. या आश्रयाखाली सारे गोमटेच घडले असे नव्हे. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ मध्ये चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. ती रुचीची हुकूमशाही होती, श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५७ साली ‘विविध भारती’ काढावी लागली. निदान तेव्हा भांडण तरी झाले! सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या वाहिनीवर कोण गातो, कोणाला वगळले जाते, किती ध्वनिमुद्रणे धूळ खात पडली आहेत, हे विचारणे एस.टी.च्या फेऱ्या का कमी झाल्या हे विचारण्याइतकेच राजकीय आहे.

भांडवली दैनिकांना बोल लावताना स्वतःकडेही पाहावे लागेल. डाव्या साप्ताहिकांच्या पानांवर साखर कारखाना असतो, धरणग्रस्त असतात. रेडिओ कुठे असतो? आठवड्याच्या संगीतसभांची एक चौकट छापायला जेमतेम चार इंच जागा लागते. ती पुढच्या अंकापासून छापता येईल, आणि आजऱ्याच्या वाचनालयाच्या फलकावर ती कापून लावणारा कार्यकर्ताही मिळेल.