खोडरबराची प्रगती

शाळांची गुणवत्ता केवळ आकड्यांत मोजू पाहणाऱ्यांनी अमेरिकेतील अटलांटा आठवावे. वाढत्या गुणांच्या बळावर तेथील सार्वजनिक शाळांच्या अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांचा २००९ साली राष्ट्रीय गौरव झाला. २०११ च्या चौकशी अहवालाने ४४ शाळांतील गैरप्रकार उघड केले. १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. मुलांची चुकीची उत्तरे शिक्षकच खोडून सुधारत होते. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले.

हे मूठभरांचे स्खलन म्हणून सोडून देता येईल काय? लक्ष्य हुकले की पद जाणार, हा धाक त्या व्यवस्थेनेच घातला होता. ज्याला वाचता येत नव्हते, तो मुलगा कागदोपत्री उत्तीर्ण झाला आणि मदतीच्या हक्काला मुकला. चूक ही विद्यार्थ्याने शिक्षकाला घातलेली साद असते. ती पुसणाऱ्या व्यवस्थेला प्रगतीचे नाव घेण्याचा अधिकार नाही.