टरफलं कोणी उचलायची?

गोष्ट तशी अगदी किरकोळ आहे. इतकी, की ती वर्तमानपत्रात लिहावी की नाही यावरून घरात आमचा वाद झाला. सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीला दुसऱ्या मजल्यावरच्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या सायकलचं हँडल घासलं आणि मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत हातभर लांब चरा पडला. एवढंच. कोणाला लागलं नाही. गाडी चालते, दारं उघडतात, मिटतात. पुण्यात चरा नसलेली गाडी दाखवा आणि बक्षीस मिळवा, अशी परिस्थिती आहे. तरीही गेले दोन महिने हा चरा माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण गाडी नव्हे.

गाडीविषयी आधी सांगून टाकतो. माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या आमच्या आख्ख्या बोळात एकच गाडी होती आणि ती डॉक्टरांची होती. पुढं स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचे दिवस आले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तीही माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनानं दुरूनच पाहायची होती. पहिली गाडी घेतली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. अशा माणसाची गाडी ही नुसती वाहन नसते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली जाते, हळद-कुंकू वाहिलं जातं. त्यामुळे त्या रविवारी सकाळी चरा दिसला तेव्हा मला जो संताप आला, तो दहा मिनिटांत ओसरणारा नव्हता.

मी खाली आरडाओरडा केला. सेक्रेटरींनी कॅमेऱ्याचं चित्रण पाहायचं ठरवलं. तेवढ्यात मुलाची आई गॅलरीतून म्हणाली, ‘‘आमचा नसणार, तो काल क्लासला होता.’’ चित्रणात तो होता. दोन गाड्यांमधल्या फटीतून सायकल काढताना हँडल टेकलं, तो क्षणभर थांबला आणि निघून गेला.

संध्याकाळी मुलाचे वडील आले. सभ्य गृहस्थ. दारातच फोन हातात धरून म्हणाले, ‘‘काका, सॉरी हं. किती झाले सांगा, आत्ताच पाठवतो.’’ आणि सकाळपासून धुमसणारा मी एकाएकी फार मोठ्या मनाचा झालो. ‘‘अहो, असू दे. लहान आहे. मुलं म्हटली की चालायचंच.’’ चहा झाला. मुलगा आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती. दहा मिनिटांत प्रकरण मिटलं. आपण किती समंजस, या आनंदात मी त्या रात्री झोपलो.

नंतर गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीनं चऱ्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली रंग कापला गेला होता, पॉलिशनं जाणारं काम नव्हतं. मेटॅलिक रंगाला तेवढ्यापुरता हात मारता येत नाही, ठिगळ दिसतं. दोन्ही दारं पूर्ण रंगवावी लागतील, असं त्याचं म्हणणं. विम्याचा हिशोब त्यानंच सांगितला. पाच वर्षं दावा केला नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळते. दावा केला की, त्यासाठी वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर, पुढच्या वर्षी ती शून्यावर येते. शिवाय लहान गाडीला पहिले हजार रुपये आपलेच, आणि रंगाच्या सामानाची अर्धी रक्कम घसाऱ्यात जाते. त्यामुळे शहाणा माणूस चऱ्यासाठी विमा कंपनीच्या पायऱ्या चढत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर चुकून लागलेला धक्का हा मुळात गुन्हाच नव्हे. त्यातून सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात, आपण काय केलं हे कळण्याइतकी समज मुलाला आली होती का, हे पाहिलं जातं. १८६० च्या दंड संहितेतली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. थोडक्यात, अशा प्रकरणात विमा पोचत नाही, कायदाही पोचत नाही. उरतो फक्त शेजार. जे काही व्हायचं ते दोन घरांनी आणि एका मुलानं आपसात करायचं असतं.

आणि तेच आम्ही केलं नव्हतं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की तो मुलगा मला टाळतो. मी लिफ्टपाशी असलो की तो जिन्यानं जातो. मी गेटमधून आत आलो की खेळ अर्धवट टाकून पळतो. पूर्वी हाच मुलगा ‘आजोबा, आउट होतो की नाही सांगा’ म्हणून मला पंच करायचा. मी हे घरी बोललो तेव्हा सौ. म्हणाली, ‘‘तुम्ही दोघांनी मिटवलंत. त्याला कुणी विचारलं?’’

या प्रश्नानं मला तीन वर्षं मागं नेलं. तेव्हा आमच्या आवारात वॉचमनचं कुटुंब राहत असे, जिन्याखालच्या खोलीत. त्याचा मुलगाही आठ-नऊ वर्षांचाच. त्यानं खेळता खेळता दगडानं एका गाडीच्या बॉनेटवर रेघ ओढली. त्या दिवशी ‘लहान आहे, चालायचंच’ असं कोणी म्हटलं नाही. कोणी काही विचारायच्या आतच बापानं चार माणसांसमोर पोराच्या मुस्काटात मारली. सोसायटीच्या बैठकीत रंगाचं बिल वॉचमनच्या पगारातून दोन हप्त्यांत कापून घ्यायचं ठरलं. मी त्या बैठकीला हजर होतो. ‘सर्वानुमते’ असं इतिवृत्तात लिहिलं आहे, त्या सर्वांत मी आहे. पुढं काही महिन्यांनी ते कुटुंब निघून गेलं.

वय तेच, आवार तेच, चराही जवळजवळ तसाच. मग मी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला जी माफी दिली, ती त्याचं वय पाहून दिली की मजला पाहून? हा प्रश्न मी टाळू पाहिला, पण तो टळला नाही. मात्र विचार करता करता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एका मुलाच्या वाट्याला सगळी शिक्षा आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही, हे दिसायला अगदी उलट आहे; पण दोघांपैकी एकालाही ‘हे माझ्याकडून झालं’ म्हणण्याची आणि आपल्या परीनं ते निस्तरण्याची संधी कोणी दिली नाही. एकाची जागा बापाच्या थपडेनं घेतली, दुसऱ्याची बापाच्या फोननं.

दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या शाळांतून मुलं टिळकांची शेंगांची गोष्ट ठसक्यात सांगतात. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. गोष्ट बाणेदारपणाची आहे आणि ती सांगितली जावी. पण त्या वर्गात शेंगा खाल्लेली मुलंही होती ना? त्यांचं काय झालं, हे आपण कधी विचारत नाही. ज्यानं खाल्ल्या त्यानं उठून ‘मी खाल्ल्या, मी उचलतो’ म्हणावं, यालाही बाणा लागतो, आणि खरं सांगायचं तर जास्त लागतो. आपल्यातले टिळक थोडे. शेंगा खाणारे आपण बहुतेक सगळे.

अशी एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहे. मोहनदास गांधींनी वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास भावाच्या कड्यातलं थोडं सोनं चोरलं. मग चिठ्ठी लिहून ती आजारी वडिलांच्या हातात दिली आणि चिठ्ठीत शिक्षाही मागितली. वडिलांनी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. आत्मकथेत हा प्रसंग सांगताना गांधीजी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतात: कबुली द्यायची ती ती ऐकण्याचा ज्याला अधिकार आहे, त्याच्यासमोर. आमच्या प्रकरणात तो अधिकार माझा होता, आणि मी तो चहाबरोबर गिळून टाकला होता.

कोणी म्हणेल, सायकलच्या चऱ्यावरून एवढं तत्त्वज्ञान कशाला? १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध आला, तेव्हा हे शहर खवळून उठलं. पुढं रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि पालकांना अटक झाली. ते आरोप न्यायालयात तपासले जातील. चरा आणि दोन जीव यांची तुलना मी करत नाही. ती कोणीही करू नये. पण त्या दिवसांत आम्ही सगळे कट्ट्यावर बसून ‘आईबापांनी मुलाला पाठीशी घालू नये’ असं तावातावानं बोलत होतो, आणि ‘आमचा क्लासला होता’ हे वाक्य मात्र आम्हाला अगदी नैसर्गिक वाटतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

अखेर मी मुलाच्या वडिलांना गाठलं. म्हटलं, त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. ते चपापले. ‘‘काका, आता कशाला? तुम्हीच म्हणालात ना, असू दे म्हणून?’’ त्यांचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, माझं तेव्हा चुकलं. रागवणार नाही, पैशाचंही नाही. त्याच्याशी मला बोलायचं आहे.

तो आला, एकटाच. बराच वेळ पायरीवर नखानं रेघोट्या काढत बसला. मग म्हणाला, ‘‘मला कळलं होतं लागलं ते. मी आईला सांगितलं की मला कळलंच नाही.’’ आणि लगेच, ‘‘तुम्ही आईला सांगणार?’’ दोन महिने त्या पोराच्या छातीवर माझ्या गाडीचा चरा नव्हता, हे ओझं होतं. आणि मी ‘असू दे’ म्हणून ते तिथंच ठेवून आलो होतो. मी म्हटलं, मी नाही सांगणार, तू सांग. त्यानं सांगितलं की नाही, ते मी विचारलेलं नाही. तो त्या दोघांचा प्रश्न आहे.

मग आम्ही खाली जाऊन चरा पाहिला. त्यानंही नख फिरवलं. जरा वेळानं म्हणाला, ‘‘आजोबा, तुम्ही गाडी थोडी पुढं लावाल का? तिथून सायकल जातच नाही.’’ मी पाहिलं. माझं मागचं चाक आखलेल्या पट्ट्याच्या वीतभर बाहेर होतं. आमची इमारत बांधली तेव्हा आवारात स्कूटरी उभ्या राहायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत मुलं खेळायची. आता गाड्या उभ्या राहतात आणि मुलं फटींतून खेळतात. हे मला नऊ वर्षांच्या मुलाकडून कळलं, आणि तेही त्याला बोलू दिलं म्हणून.

निवाडा असा झाला. एका दाराच्या रंगाचे पैसे त्याच्या वडिलांनी दिले, दुसऱ्याचे मी, पट्ट्याबाहेरच्या चाकाबद्दल. आणि गाडी रंगवून आल्यावर सलग चार रविवार तो माझ्याबरोबर ती धुवायला खाली आला. त्याच्या आजीला हे पसंत पडलं नाही. ‘‘आमच्या नातवानं गाड्या पुसायच्या का?’’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘वहिनी, गाड्या नाही. एकच, आणि चारच वेळा.’’ पाचव्या रविवारी तो आला नाही. खाली क्रिकेट चाललं होतं, आणि मला पंच म्हणून बोलावणं आलं.

असं प्रत्येक वेळी जमेल असं नाही. पण क्रम हाच असावा, असं मला वाटतं. मुलानं स्वतः यावं, हवं तर आईबापांनी मागं उभं राहावं. त्यानं सांगावं आणि ज्याचं नुकसान झालं त्यानं ऐकावं. ओरडूही नये आणि झटकूनही टाकू नये. पैसे मोठ्यांनी द्यावेत, पण मुलानं आपलं असं काहीतरी द्यावं, वेळ म्हणा, श्रम म्हणा. आणि मग विषय संपावा, पुन्हा निघू नये. ‘असू दे’ हा फार सुंदर शब्द आहे. फक्त तो शेवटी म्हणायचा असतो, सुरुवातीला नव्हे.

हे सगळं लिहून झालं तरी जिन्याखालची ती खोली डोळ्यांसमोरून जात नाही. आता तिथं बंद पडलेला पाण्याचा पंप आणि जुन्या कुंड्या आहेत. ते कुटुंब कुठं गेलं, कोणालाच माहीत नाही. मी चौकशी केली. त्याचा फोन नंबर आता दुसऱ्याच कोणाकडे लागतो. इतिवृत्ताच्या वहीत ठराव आहे, कापलेली रक्कम आहे, खाली सह्या आहेत. तिसरी सही माझी. त्या बैठकीत शेंगा मीही खाल्ल्या होत्या. आता टरफलं उचलायला निघालो, तर ज्याच्यापुढं वाकायचं तो तिथं नाही.