पुस्तकातील कोरी पाने

आमच्या घरी मराठी पवित्र शास्त्राची एक मोठी, जड प्रत आहे. तिला घरातील सारी माणसे नुसते ‘पुस्तक’ म्हणतात. माझ्या आजेसासऱ्यांनी १९३१ साली ती शहापुरातील एका कारागिराकडून पुन्हा बांधून घेतली आणि जुना करार संपून नवा करार जेथे सुरू होतो, त्या सांध्यात आठ कोरी पाने घालून घेतली. घराण्यातील जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू यांची नोंद त्या पानांवर होत आली आहे. जन्म काळ्या शाईने, मृत्यू निळ्या शाईने. असे का, हे आता कोणालाच सांगता येत नाही. पण तो रिवाज आम्ही मोडलेला नाही. पाच पाने भरली. सहावे अर्धे झाले आहे. येत्या ईस्टरनंतरच्या शनिवारी त्यावर माझ्या लेकीचे लग्न लिहावयाचे आहे.

हे वर्ष आमच्या घरावर विशेष प्रसन्न झालेले दिसते. नोव्हेंबरात हे सेवानिवृत्त झाले. डिसेंबरात सासूबाईंना ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाली. धाकट्याला हवी होती तशी नोकरी लागली. आमच्या स्वतःच्या लग्नाला जानेवारीत तीस वर्षे झाली, त्या दिवशी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. प्रार्थना आटोपून चहा होतो न होतो तोच धारवाडहून मागणीचा निरोप आला. मुलगा आणि मुलगी एकमेकांना दोन वर्षांपासून ओळखत होती, हे मला ठाऊक होते. ह्यांना ठाऊक नव्हते. सासूबाईंना सर्वांच्या आधी ठाऊक होते.

मुलाचे घराणे कानडी. बासेल मिशनचे लोक १८३७ साली धारवाडला आले, त्या काळापासूनची ती मंडळी. आमचे घराणे बेळगावच्या लंडन मिशनच्या छायेत वाढलेले. ते मिशन येथे १८२० साली सुरू झाले आणि १९०४ साली मेथडिस्टांच्या हाती आले. दोन्ही घरांत प्रभू एक, स्तोत्रे तीच. भाषा मात्र निराळी. पहिल्या भेटीत विहीणबाईंनी प्रार्थना कानडीत केली, मी मराठीत केली, आणि “आमेन” दोघींचे एकदमच आले. मला त्यांचे कानडी पुष्कळसे कळते आणि त्यांना माझे मराठी सगळे कळते. सीमाभागात वाढलेल्या बायकांना याचे नवल वाटणार नाही. शपथा कोणत्या भाषेत घ्यावयाच्या, याचा पुरुषमंडळींनी एक संध्याकाळभर खल केला. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, “ज्याने त्याने आपल्या भाषेत वचन द्यावे, पाळावयाचे तर एकाच घरात आहे.” तेव्हा वाद मिटला.

लग्नाच्या तयारीत वाद व्हावयाचेच. मुलाच्या मित्रांना विधी रात्री आठ वाजता, दिव्यांच्या झगमगाटात हवा होता. परंतु १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आमचे लग्न सामान्यतः सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच लागले पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कलमाने माझा मोठाच प्रश्न सोडविला, कारण रात्रीच्या जेवणाचा खर्च दुपारच्या दुप्पट येतो. उपवासकाळात आमच्यात लग्ने होत नाहीत, म्हणून तारीख ईस्टरनंतरची. लग्नाची सूचना तीन रविवार मंडळीसमोर वाचली जाते. त्यांपैकी एक झाला आहे. पांढरी रेशमी साडी शहापुरातून आली. मंगळसूत्र सराफाकडे आहे; त्यात दोन वाट्यांच्या मध्ये लहानसा क्रूस असतो. हळद आदल्या संध्याकाळी. आमच्या गल्लीतील तीन घरांनी लेकीला केळवणाला बोलाविले आहे, आणि समोरच्या कुलकर्णीकाकूंनी “रुखवतातले मांडे माझ्याकडून” असे आधीच बजावून ठेवले आहे. बेळगावचे मांडे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते : पातळ पोळीत साखर आणि खवा घालून ती उपड्या कढईवर भाजतात आणि रुमालासारखी घडी घालतात. लग्नाच्या घरात मांड्यांची चवड नसली, तर बेळगावकराला लग्न झाल्यासारखे वाटत नाही. मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमंत्रणांची यादी करावयाची म्हणून लेकीने एका दुपारी ‘पुस्तक’ काढले आणि नातेवाइकांची नावे उतरवून घेऊ लागली. चौथ्या पानापाशी ती थांबली.

“आई, ही कोण?”

ती कोण, हे मला तीस वर्षांपासून माहीत होते. चौथ्या पानावर एक नाव आहे, त्याच्यापुढे जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख आहे, आणि त्या साऱ्या ओळीवरून काळ्या शाईची एक सरळ रेघ गेली आहे. हाताने मारलेली रेघ वाकडी होते. ही पट्टी धरून मारलेली आहे. माझ्या सासऱ्यांची ती धाकटी बहीण. ती पुण्यास शिक्षिका होती. १९६८ साली तिने आपल्या शाळेतील एका हिंदू शिक्षकाशी लग्न केले. त्याने बाप्तिस्मा घेतला नाही आणि तिने आपला धर्म सोडला नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली दोघांनी नोंदणी केली. त्या कायद्यातही तीस दिवस आधी सूचना लावावी लागते. म्हणजे तिच्याही लग्नाची सूचना झाली होती. ती देवळात वाचली गेली नाही, कचेरीच्या भिंतीवर लागली, इतकेच. आजेसासऱ्यांनी त्यानंतर तिचे नाव घेतले नाही आणि घरात कोणी घेऊ दिले नाही.

लेकीने पान उलटून पहिले पान काढले. “आणि हे?” तिने विचारले. पहिल्या पानावरची पहिली नोंद आमच्या घराण्यात ज्यांनी प्रथम बाप्तिस्मा घेतला त्यांची आहे. नाव आहे, ‘बेळगाव’ आहे, १८७९ साल आहे. ‘पित्याचे नाव’ या शब्दांपुढची जागा रिकामी आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांचे घटश्राद्ध घातले होते. जिवंत मुलाचे श्राद्ध ज्या घरात झाले, त्या घराचे नाव लिहिण्यास बहुधा त्यांचा हात चालला नसावा.

हे आमच्याच घरी घडले असे नाही. पहिल्या पिढीतील मराठी ख्रिस्ती माणसांच्या आठवणी काढल्या, की दार बंद होण्याची गोष्ट त्यांत हटकून येते. बाबा पदमनजी आमच्या बेळगावचे. १८३१ साली येथेच जन्मले आणि १८५४ साली येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून त्यांनी हिंदू विधवांचे दुःख मराठीत मांडले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराची काय दशा झाली, हे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले त्यांना मी सांगावयास नको. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या आणि अखेरीस त्याच्याकडे परत आल्या. हे सारे वाचताना आमच्या डोळ्यांना पाणी येते. परंतु आमच्या आजोबांनी पट्टी धरून ती रेघ मारली, तेव्हा त्यांना पहिल्या पानावरची रिकामी जागा आठवली नसेल काय? लेकीने मला हेच विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. आजेसासरे कठोर मनुष्य नव्हते. १९४३ च्या टंचाईत त्यांनी शेजारच्या दोन घरांना आपल्या शिध्यातून धान्य दिले, हे मी इतरांच्या तोंडून ऐकले आहे. भले माणूस अशी रेघ मारू शकते, हेच यातील अवघड आहे.

आणि माझी स्वतःची गोष्ट? ती सांगितल्याशिवाय हे लिहिणे खरे होणार नाही. नऊ वर्षांपूर्वी माझे सासरे प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. दफनाच्या वेळी दफनभूमीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे एक वृद्ध स्त्री उभी होती. सासऱ्यांचेच नाक, तेच कपाळ. कोणी सांगावयाची गरज नव्हती. माती देऊन आम्ही बाहेर आलो. माझी आणि तिची दृष्टानजर झाली. मी सासूबाईंचा हात धरून गाडीत बसले. “सासूबाई दुःखात आहेत, आत्ता नको,” असे मी मनाशी म्हणाले. त्यानंतरच्या नऊ वर्षांत ‘आत्ता’ कधीच आले नाही.

लेक म्हणाली, “माझ्या लग्नाला ही यायला हवी. ती येणार नसेल तर त्या पानावर माझेही नाव लिहू नका.” तरुण माणसांच्या अटी अशाच असतात. मी रागावले. लग्न दोन महिन्यांवर असताना जुनी भांडणे उकरू नयेत, असेही म्हणाले. ह्यांनी वर्तमानपत्र वर धरले. प्रश्न सासूबाईंचा होता, कारण घरात त्या वडील. आणि सासऱ्यांच्या पश्चात ‘पुस्तक’ त्यांच्या उशाशी असते.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी मला थांबविले. “त्या रात्री मामंजींनी दिवा जवळ ओढला आणि पट्टी मागितली,” त्या म्हणाल्या. “मी चार वर्षांची सून. घरात सगळे बसलेले. कोणी हलले नाही. पट्टी मी आणून दिली.” एवढे बोलून त्या आपल्या खोलीत गेल्या. सकाळी त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून माझ्या हाती ठेवला. पुण्याचा पत्ता. तो त्यांच्याजवळ कोठून आला आणि किती वर्षे होता, हे मी विचारले नाही.

छापील पत्रिका नुसती पाठविणे बरे दिसले नसते. मी हाताने पत्र लिहिले. तीन वेळा फाडले. ‘आदरणीय आत्याबाईंस’ इथपर्यंत सोपे होते. पुढे काय लिहावे? क्षमा मागावी तर कोणाच्या वतीने? अखेर फाटकाजवळच्या त्या दिवसाबद्दल माझ्यापुरती क्षमा मागितली, लेकीच्या लग्नाची तारीख कळविली, आणि आपल्या नावावरची रेघ कशी काढता येईल ते पाहतो आहोत, असे लिहिले. एका बांधणाऱ्याला मी खरोखरच विचारले होते. जुन्या कागदावरची शाई खरवडली तर पान फाटेल, पण वर पातळ कागद चिकटवून ओळ नव्याने लिहिता येईल, असे तो म्हणाला होता.

अकराव्या दिवशी उत्तर आले. अक्षर शिक्षिकेचे, गोल आणि टपोरे. ओळी मात्र उतरत गेलेल्या. यजमान तीन वर्षांपूर्वी वारले, असे त्यांनी कळविले होते. गुडघे दुखतात, पण नातू बरोबर येईल, रात्रीच्या गाडीने निघता येईल. देवळात अजून पेटीवर गातात काय, अशी चौकशी होती. वहिनींपुढे मागचा विषय कोणी काढू नये, अशी विनंती होती. आणि रेघेबद्दल एवढेच होते की, ती राहू द्यावी. वडिलांच्या हातचे दुसरे काही त्यांच्याजवळ नाही. ती रेघ त्यांच्याच हातची आहे. वाटले तर तिच्याखाली जागा असल्यास यजमानांचे नाव आणि लग्नाची तारीख लिहावी.

जागा आहे. मी पट्टीने मोजून पाहिली. एक ओळ बसते.

ते काळ्या शाईने लिहावयाचे, यात वाद नव्हता. कोणी लिहावयाचे, यावर मात्र झाला. हे म्हणाले मी लिहितो. लेक म्हणाली मी. सासूबाई म्हणाल्या, “ती आल्यावर मी लिहीन. माझा हात अजून चालतो.”

आता दुसऱ्या रविवारची सूचना व्हावयाची आहे. सराफाकडून मंगळसूत्र आणावयाचे आहे. धारवाडकडील पाहुण्यांची संख्या तिसऱ्यांदा वाढली आहे. आत्याबाईंना जिना चढवणार नाही, म्हणून त्यांची सोय खालच्या खोलीत, सासूबाईंच्याच खोलीत करावी लागेल. हे त्यांना कसे सांगावे, या विचारात मी होते. तोवर त्यांनीच मोलकरणीकडून दुसरी खाट झाडून घेतलेली दिसली. काल दुपारी त्यांनी कुलकर्णीकाकूंना हाक मारून मांडे किती सांगितले आहेत ते विचारले, आणि म्हणाल्या, चार जास्त सांगा. पुण्यास परत जाताना बरोबर द्यावयाचे आहेत.