पावडर टाकली, पण क्लोरीन नळापर्यंत पोचलं का?

पावसाळा सुरू झाला की पालघर-बोईसर भागातल्या दवाखान्यांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. एकाच पाड्यावरून तीन-चार जण आले, की मी आधी पाण्याची चौकशी करतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "डॉक्टर, विहिरीत पावडर टाकलीय."

ही पावडर म्हणजे टीसीएल, अर्थात ब्लीचिंग पावडर. ती टाकण्याचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. तो काम करत नाही असं नव्हे. पण पावडर नेमकी किती टाकायची आणि ती पुरली हे कसं ओळखायचं, हे त्याला कुणी नीट समजावलेलं असतंच असं नाही.

मूठभर पावडर का पुरत नाही?

जंतू मारतो तो पावडरीतला क्लोरीन. ताज्या पावडरीत तो सुमारे ३३ टक्के असतो. पोतं उघडं राहिलं, ओल किंवा ऊन लागलं, की क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. किनारपट्टीच्या दमट हवेत हे लवकर होतं. क्लोरीन २० टक्क्यांखाली गेला, तर ती पावडर पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये.

एक हिशेब करून पाहा. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल, तर त्यात साधारण २८,००० लिटर पाणी असतं. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर ताजी पावडर सुमारे १७० ग्रॅम लागेल. पावसाळ्यात पाणी ६ मीटरपर्यंत चढलं आणि पावडर जुनी होऊन २० टक्क्यांवर आली, तर त्याच विहिरीला सुमारे ४२० ग्रॅम पावडर लागेल, म्हणजे जवळजवळ अडीचपट. उन्हाळ्यातलं माप जुलैत चालत नाही ते यामुळे. त्यात पाणी गढूळ असेल, तर बराच क्लोरीन त्या गाळातच खर्च होतो.

पावडर थेट विहिरीत ओतायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची आणि चुना तळाशी बसू द्यायचा. वरची निवळी तेवढी विहिरीत सोडून पाणी ढवळून घ्यायचं. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी भरायचं नाही. म्हणूनच हे काम रात्री केलेलं चांगलं.

खरी परीक्षा शेवटच्या नळावर

जंतू मारून झाल्यावरही पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहायला हवा. वाटेत पाइप फुटून गटाराचं पाणी शिरलं, तर तोच राखण करतो. भारतीय मानकानुसार क्लोरीन दिलेल्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. साथ असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम ठेवतात.

हे पाहण्यासाठी गावात ओटी चाचणी करतात. नळीत पाणी घेऊन त्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकले, की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. तो लगेच तक्त्याशी जुळवायचा. उशीर केला, तर रंग गडद होऊन फसगत होते. द्रावण हाताला लागू देऊ नये आणि तपासलेलं पाणी फेकून द्यावं. चाचणी टाकीखालच्या नळावर करून भागत नाही, ती गावातल्या सर्वांत लांबच्या नळावर व्हायला हवी. पाण्याला वास येतो म्हणजे क्लोरीन पुरेसा आहे, असंही समजू नये.

तारापूरजवळ आणखी एक गोष्ट

क्लोरीन जंतूंवर चालतो, रसायनांवर नाही. तारापूर औद्योगिक क्षेत्रातल्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना पर्यावरणाच्या हानीची भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा परिसरातल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात नळीत पिवळा रंग आला, तरी त्यात रसायन नाही असं सिद्ध होत नाही. ते पाणी उकळूनही उपयोग नाही, कारण धातू आणि क्षार उकळल्याने जात नाहीत. पाण्याला रंग, फेस किंवा रसायनाचा वास असेल, तर ते पिणं थांबवा आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी करून घ्या.

तुम्ही काय कराल?

- ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा : टीसीएल कोणत्या महिन्यातली आहे, ती कुठे ठेवली आहे आणि शेवटच्या नळावरच्या ओटी चाचणीची नोंदवही कुठे आहे?
- पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपलं कार्ड कोणतं आणि का, ते माहीत करून घ्या.
- क्लोरीनची खात्री नसेल आणि शंका फक्त जंतूंची असेल, तर पाणी खळखळून उकळून झाकून ठेवा.
- जुलाब लागताच ओआरएस सुरू करा. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडलं, तर घरी थांबू नका.

जलसुरक्षकावर चिडून पाणी सुधारणार नाही. त्याला ताजी पावडर, वजनकाटा, ओटीची बाटली आणि वेळेवर मानधन मिळतं का, हेही त्याच ग्रामसभेत विचारा.