प्रक्षेपणही आपल्याच हाती असावे

पैसे देऊ करूनही ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही, ही १९२० मधील हकिकत आपल्या घरांतून नेहमी सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे निघाली, इतकेच नव्हे, तर स्वतःचा भारतभूषण छापखानाही उभा राहिला. लेखणी आपली आणि छापखाना दुसऱ्याचा, ही व्यवस्था बाबासाहेबांनी पुरेशी मानली नाही.

अमेरिकेतील आम्हा आंबेडकरी कुटुंबांची आजची स्थिती नेमकी तीच आहे. जयंतीचे भाषण आमचे, वंदना आमची, मुलांचे नाटक आमचे. ते नागपूरच्या आजी-आजोबांपर्यंत नेणारे यंत्र मात्र सर्वस्वी परक्याचे. एका वर्षी आमच्या कार्यक्रमात भीमगीत सुरू होताच एका मोठ्या मंचाच्या स्वयंचलित यंत्रणेने कोण्या संगीत कंपनीचा हक्क सांगून थेट प्रक्षेपण बंद केले. दाद कोणाकडे मागायची, तर एका अर्जाकडे. त्याचे उत्तर आले तेव्हा जयंती उलटून गेली होती. हा द्वेष नव्हता, केवळ बेपर्वाई होती. परंतु जातीचा प्रश्न आला की या कंपन्या किती बिचकतात, हेही आपण पाहिले आहे: २०२२ च्या एप्रिलमध्ये गूगलच्या कर्मचाऱ्यांसमोर होणारे थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीविषयक भाषण रद्द झाले.

मग स्वतःचे सर्व्हर का उभारू नयेत? आपल्यात संगणक अभियंत्यांची वाण नाही. आक्षेप असतो तो वेळेचा. सर्वजण नोकरदार, पहाटे तीनला सर्व्हर कोसळला तर उठणार कोण? हा आक्षेप रास्त आहे आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंगकडे आपण वळावे, असे आम्हांस वाटते ते याच कारणाने.

या पद्धतीचे मर्म दोन गोष्टींत आहे. एकदा निर्माण झालेली माहिती बदलायची नाही, ही पहिली; आणि फंक्शनला जे दिले त्यावरूनच त्याचे उत्तर ठरावे, त्याने बाहेरचे काही गुपचूप बदलू नये, ही दुसरी. (अनित्यतेची शिकवण घेतलेल्यांनी न बदलणाऱ्या माहितीचे गोडवे गावेत, याची गंमत आम्हांसही वाटते.) थेट प्रक्षेपणाला हे विलक्षण जुळते. चलचित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते आणि तयार झालेला तुकडा पुन्हा बदलत नाही. म्हणून त्याची प्रत न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, मुंबईत कोठेही निर्धास्त ठेवता येते. कोणती प्रत खरी, हा वाद उद्भवतच नाही. एक तुकडा तयार करताना यंत्र बंद पडले, तर तेच काम दुसऱ्या यंत्राकडे जसेच्या तसे सोपवता येते.

दुसरा आधार एर्लांग भाषेचा. जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती घडवली. १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. एका ग्राहकाच्या बिघाडाने दुसऱ्याचे संभाषण तुटता कामा नये, ही तिची मूळ गरज. म्हणून तिच्यात प्रत्येक जोडणीला स्वतंत्र, हलकी प्रोसेस मिळते. या प्रोसेस एकमेकींच्या स्मृतीला हात लावत नाहीत. केवळ निरोप पाठवतात. एखादी कोसळली तर तिच्यावर देखरेख करणारी प्रोसेस तिला पुन्हा सुरू करते. पहाटे तीनला उठणारा पहारेकरी असा भाषेच्या चौकटीतच बसवता येतो. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले तेव्हा त्याचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी होते आणि अभियंते जेमतेम तीसेक. त्याचे सर्व्हर एर्लांगमध्येच लिहिलेले होते. याच पायावर ब्राझीलच्या जुझे वालीम यांनी एलिक्सर ही शिकायला सोपी भाषा रचली आणि तिच्यात चलचित्र प्रक्षेपणासाठी ‘मेम्ब्रेन’ ही खुली चौकट उपलब्ध आहे.

यात जादू नाही. चित्र आकुंचित करण्याचे जड गणित या भाषांना पेलत नाही. ते सी भाषेतील एफएफएमपेगसारख्या साधनांवरच सोपवावे लागते. एलिक्सरने करायचे ते समन्वयाचे काम. शिवाय भीमगीतावरील हक्काचा प्रश्न स्वतःच्या सर्व्हरने सुटत नाही. गायक आणि कवी यांची रीतसर परवानगी घ्यावीच लागेल. फरक इतकाच की मधल्या काळात कोणी यंत्र आपला कार्यक्रम तोडणार नाही.

खर्चाचाही हिशेब मांडू. सेकंदाला १ मेगाबिट या दराने दोन तासांचा कार्यक्रम पाहणाऱ्यास सुमारे ०.९ गीगाबाइट पोचवावे लागतात. हजार प्रेक्षकांना ९०० गीगाबाइट. हे ओझे चार भाड्याच्या साध्या सर्व्हरांवर वाटता येते. त्या चार सर्व्हरांची मालकीही चार संघटनांत वाटली जावी, असा आमचा आग्रह आहे. एकाच संस्थेच्या, त्यातही एकाच उत्साही कार्यकर्त्याच्या खात्यावर सर्व काही ठेवले, तर परक्या मंचाच्या जागी आपल्यातलाच एक मालक बसेल. आपल्या संघटनांतील फुटींचा इतिहास कोणाला ठाऊक नाही! उद्या एक संघटना रुसून बाहेर पडली, तरी उरलेल्या तीन सर्व्हरांवर प्रक्षेपण चालू राहिले पाहिजे आणि जुन्या कार्यक्रमांच्या प्रती तिच्याजवळही राहिल्या पाहिजेत.

आरंभ १४ एप्रिलला करू नये. त्या दिवशी गर्दी मोठी आणि चुकीला जागा कमी. ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेला साधारण शंभर घरे जोडलेली असतात. तेव्हा नेहमीच्या मंचाबरोबरच आपल्या दोन सर्व्हरांवरूनही प्रक्षेपण करावे आणि कार्यक्रम चालू असताना त्यांपैकी एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा.