शपथ ईश्वराची, धास्ती श्रेष्ठींची

चेन्नईच्या राजभवनात २९ सप्टेंबर २०१४ रोजी ओ. पन्नीरसेल्वम यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, ती हुंदके आवरीत. दोनच दिवसांपूर्वी बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने जयललिता यांना बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात दोषी ठरवले होते. शपथ घेणाऱ्या इतर मंत्र्यांचेही डोळे पाणावले होते. 'अम्मां'समोर साष्टांग दंडवत घालणाऱ्या या मंडळींचे अश्रू खरेही असतील. मात्र घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतील मंत्र्याची शपथ निर्भयपणे आणि कोणाविषयीही ममत्व वा आकस न बाळगता न्यायाने वागण्याची आहे. ती ईश्वरसाक्ष घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञाही करता येते. साक्षीला कोणीही असो, व्यक्ती ही त्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही, हे त्यात गृहीत आहे.

ईश्वराचे नाव घटनेच्या उद्देशिकेतही असावे, असा आग्रह ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत धरला होता. ईश्वराला मतास टाकू नये, अशी विनवणी होऊनही कामतांनी मतविभागणी मागितली आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी त्यांची सूचना फेटाळली गेली. विरोध करणारे सारे नास्तिक नव्हते. श्रद्धा अंतःकरणाची असून ती लादता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. महिनाभराने, २५ नोव्हेंबरला, डॉ. आंबेडकरांनी त्याच सभागृहात दुसरी बाजू सांगितली. धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्ती देईलही, राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. विभूतिपूजेवर तर ते १९४३ मध्ये पुण्यातील रानडे जयंतीच्या व्याख्यानातच तुटून पडले होते.

हा इशारा सर्वात आधी काँग्रेसने विसरून दाखवला. इंदिरा म्हणजेच भारत, असे समीकरण मांडणारे देवकांत बरुआ आणीबाणीत पक्षाध्यक्ष होते. १९७७ च्या पराभवानंतर तेच इंदिराजींच्या विरोधी गटात दिसले. ज्याला भक्ती म्हटले जाते, तीत भयाचा वाटा किती असतो, हे सत्ता गेल्यावरच कळते.

भाजपचा प्रवास उलट दिशेने झाला. राजकोटजवळ आपले मंदिर उभारले गेल्याचे कळताच २०१५ मध्ये नरेंद्र मोदी यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि मूर्ती हलवली गेली. ते योग्यच होते. मे २०२४ मध्ये मात्र, आपल्याला परमात्म्यानेच पाठवले आहे असा आपला विश्वास असल्याचे त्यांनीच मुलाखतीत सांगितले. त्यानंतर जुलैमध्ये झारखंडमधील गुमला येथे सरसंघचालक मोहन भागवत यांनी, माणसाला आधी अतिमानव, मग देव आणि पुढे भगवान व्हावेसे वाटते, असे नाव न घेता म्हटले. काँग्रेसने ते तत्परतेने मोदींना लागू केले; स्वतःच्या घरातील देव्हारा तिला दिसला नाही.

तथापि, दोष केवळ स्वभावाचा नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे व्हिप मोडणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते, आणि पुढची उमेदवारीही श्रेष्ठींच्याच हाती असते. फाटाफूट थांबवण्यासाठी आणलेल्या या तरतुदीने फुटीर किती रोखले, हा वेगळा विषय. सदसद्विवेकाने मत देणारा मात्र तिने नक्कीच रोखला. व्हिप सरकारच्या स्थैर्याशी निगडित मतदानापुरताच असावा, असे खासगी विधेयक काँग्रेसचेच मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये मांडले होते. ते मंजूर झाले नाही. त्यासाठीही श्रेष्ठींची अनुमती लागली असती.