किल्ली कोनाड्यात, संशय पालावर



सोयाबीन निघालं, पण आज पिकाचं लिहीत नाही. पंधरा दिवसांपूर्वी भरदिवसा आमच्या घरी चोरी झाली. आईची बोरमाळ आणि आडतीवरून आणलेले ४८ हजार गेले. आम्ही सगळेच मळणीवर होतो, दुपारच्या भाकरी घेऊन आईपण रानात आलेली.

कुलूप तुटलं नव्हतं. कपाटाला हात लागला नव्हता. कोनाड्यातली किल्ली घेऊन दार उघडलं, ज्वारीच्या कोठीतला डबा काढला, कुलूप परत लावलं आणि किल्ली जागेवर! दिवेलागणीला आईनं कोठीत हात घातला तेव्हा कळलं.

अर्ध्या तासात पारावर निकाल लागला. ओढ्याकाठी पाटे-वरवंटे घडवणाऱ्यांची दोन पालं आहेत, त्यांचंच काम. पोरं काठ्या घेऊन निघाली. लपवत नाही, मीपण निघालो होतो. आईनं दारातच अडवलं. म्हणाली, "आरं, पालावरच्याला आपली कोठी कशी ठावं असंल?"

पाय तिथंच थांबले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं आठवतं ना? मुलं पळवणारी टोळी आली या नुसत्या अफवेवर जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून काही जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. १९५२ ला तो कायदा गेला, आपल्या डोक्यातला शिक्का काही जाईना.

माझं मत स्पष्ट आहे. परक्याला झोडपून घर राखलं जात नाही, उलट खरा चोर निवांत राहतो. माझ्या घरी जो आला त्याला किल्ली, कोठी आणि मळणीचा दिवस तिन्ही ठाऊक होतं. आणि पट्टी झाल्याचं चहाच्या टपरीवर मीच चार माणसांत सांगितलं होतं. चूक माझीपण आहे.

आता आम्ही काय बदललं ते सांगतो.

किल्ली कोनाड्यात, उंबऱ्याखाली, तुळशीच्या कुंडीत ठेवणं बंद. दोन किल्ल्या केल्या, एक माझ्याकडं, एक घरात.

आडतीचे पैसे रोख घ्यायचे नाहीत, थेट खात्यावर. भाव पडलेला असेल तर माल घरात साठवायची घाई नको. ज्या बाजार समित्या शेतमाल तारण योजना राबवतात, तिथं गोदामात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजानं मिळतं.

दागिने लॉकरला. तिथं बँकेच्या चुकीनं चोरी झाली तर वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत भरपाईची जबाबदारी बँकेवर आहे. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या जपून ठेवा. आमच्याकडं बोरमाळीचा एकच फोटो निघाला, तोपण बहिणीच्या लग्नातला.

कॅमेरा लावा, पण लाईट गेली की तो आंधळा. बॅटरी बॅकअप नसेल तर उपयोग नाही. पंढरपूरला निघालो, लग्नाला निघालो, असे स्टेटस परत आल्यावर टाका.

चोरी झालीच तर आत जाऊन उचकापाचक करू नका. ठसे जातात. ११२ ला फोन करा, फिर्याद द्या आणि एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. आम्ही आधी पारावर गेलो, ठाण्यात दुसऱ्या दिवशी. तोवर सगळ्या आळीचे हात कोठीला लागून गेले होते.

आणि शेवटची गोष्ट, सावड. पेरणी-काढणीला आपण सावड करतो, मग घर राखायला का नको? आमच्या आळीत आता ठरलंय, सुगीत रोज एका घरातलं एक माणूस ओट्यावर थांबणार. आज माझी आई, उद्या शेजारच्या काकू. रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला जाणाऱ्यानं शेजारी सांगून जायचं. याला रुपया लागत नाही.

चोर अजून सापडलेला नाही. बोरमाळ येईल न येईल. पण त्या संध्याकाळी आमच्या हातून एखाद्याचा जीव गेला असता, तर तो कुठल्या ठाण्यातून परत आणला असता?

तुमच्या घराची किल्ली आत्ता कुठं आहे? इथं लिहू नका. उठा आणि जागा बदला.